चेतक हेलिकॉप्टरचं मॉडेल: फटी कशा बुजवाव्यात, काच कशी बसवावी

विमानाच्या किटपेक्षा हेलिकॉप्टरचं किट सोपं वाटतं, कारण पार्ट कमी असतात. पण विमानाचे बरेच सांधे पंखाच्या मुळाशी किंवा पोटाखाली दडतात. चेतकमध्ये दडायला जागाच नाही. पुढचं तोंड जवळजवळ सगळं काचेचं, टर्बाइन इंजिन पाठीवर उघडं आणि शेपटीचा दांडा बारीक. हे मूळचं फ्रेंच आलुएत-३, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्यावर बांधलेलं. त्याच्या मुख्य रोटरचा व्यास ११.०२ मीटर, म्हणजे १/७२ प्रमाणात १५.३ सेंमी. या प्रमाणात ०.३ मिमीची फट खऱ्या यंत्रावर २ सेंमीहून मोठी होते. म्हणून ती डोळ्यात खुपते.

नवशिके फट दिसली की पुट्टी उचलतात. पुट्टी सगळ्यात शेवटी. आधी फट का पडली ते शोधायचं.

१. जोडण्याआधीची जुळवणी

सगळे स्प्रू, म्हणजे पार्ट ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, भांडी धुण्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. साच्याचं तेल राहिलं तर गोंद आणि रंग दोन्ही सुटतात. पार्ट कापताना १ मिमी बुंधा ठेवा. तो नंतर ब्लेडने आणि ६०० नंबरच्या वॉटर पेपरने काढा.

आता गोंद न लावता अंगाची डावी-उजवी दोन्ही अर्धुकं मास्किंग टेपने बांधा आणि आतून मोबाइलचा टॉर्च दाखवा. उजेड जिथून बाहेर येतो तिथे अडथळा आहे. पहिला संशय जुळवणीच्या खुंट्यांवर घ्या. जुन्या साच्यांत खुंटी आणि भोक अनेकदा अर्धा मिमी सरकलेले असतात. अशा खुंट्या सरळ उडवा. त्यांच्या जागी ०.५ मिमी जाड प्लास्टिकच्या ५ × ८ मिमी पट्ट्या एकाआड एक, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या अर्धुकाच्या आतल्या कडेला चिकटवा. दुसरा संशय कॉकपिटच्या जमिनीवर आणि मागच्या भिंतीवर. त्या केसभर जास्त रुंद असल्या तरी अर्धुकं फाकतात. फट मात्र पाठीवर दिसते, त्यामुळे चुकीच्या जागी कानस चालते. जमीन काढून पुन्हा बांधून बघा. फट मिटली तर दोष तिचाच. दोन्ही कडा ०.१-०.१ मिमी घासा आणि पुन्हा बघा. जोडायच्या कडांवर रंग चढला असेल तर तोही खरवडा. त्याने जाडी वाढते, शिवाय गोंद प्लास्टिकपर्यंत पोचत नाही.

२. नाकातलं वजन

मॉडेल शेपटीवर बसू शकतं, आणि काचेच्या तोंडात वजन लपवायला जागा नसते. म्हणून अर्धुकं मिटण्याआधी ते केबिनच्या जमिनीखाली घाला. मुख्य चाकांच्या पुढे जितकं जाईल तितकं बरं. गोव्यात मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात जाळ्याला लावायचे शिशाचे मणी मिळतात. हातोडीने चपटे केले की पातळ जागेत बसतात. सगळं टेपने बांधा, मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल ठेवा आणि नाक खाली जाईपर्यंत मणी वाढवा. मग आणखी पाव हिस्सा घाला, कारण शेपटीचा रोटर आणि रंग अजून चढायचे आहेत.

शिसं फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्या गोंदाने शिशावर पांढरा गंज चढतो, ते फुगतं आणि पुढे कधीतरी मिटलेला सांधा आतून उकलतो. दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

३. अर्धुकं मिटवणं

एका दमात मिटवू नका. शेपटीकडून सुरुवात करा. दोन-तीन सेंमी पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणारा पातळ गोंद, ब्रशने सोडा, दाबा आणि वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर आली की थांबा. ही कडच तुमची पहिली पुट्टी. ती पक्की झाल्यावर पुढचा तुकडा. प्रत्येक टप्प्यावर मागून बघा. शेपटीचा आडवा पंख आणि केबिनची जमीन समांतर हवेत. दांडा पिळला गेला तर तो नंतर सरळ होत नाही.

नाकाकडचा भाग सगळ्यात शेवटी, आणि तो काचेच्या मापाने. काच कोरडीच ठेवून बघा. अंग अरुंद असेल तर स्प्रूचा तुकडा अचूक मापाने कापून आत आडवा टेकू द्या. अंग रुंद असेल तर टेपने आवळून गोंद सोडा. काच घासून बसवण्यापेक्षा अंग वाकवणं केव्हाही परवडतं.

चोवीस तासांनी घासा. दांडा गोल आहे, म्हणून सपाट ठोकळ्यावर घासला तर त्याला पैलू पडतात. वॉटर पेपरची ५ मिमी पट्टी कापा आणि बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी दोन्ही टोकं धरून ओढा. आधी ६००, मग १०००. सांध्याच्या दोन्ही बाजूंना २ मिमी सोडून टेप लावली तर रिवेट वाचतात.

उरलेल्या फटीला गाडी रंगवणाऱ्यांची एनसी पुट्टी चालते, पण पातळ थरांत. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि रंगकाम झाल्यावर बसतो. मग सांध्याच्या जागी खाच दिसते. फेवीक्विकने फट भरलीत तर तासाभरात घासून घ्या. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना भोवतालचं प्लास्टिकच जातं.

४. काच

पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं. कटरच्या दाबाने त्यात तडे जातात, म्हणून बुंधा बारीक करवतीने कापा. फेवीक्विक काचेजवळ आणू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि दमट हवेत हे जास्त होतं. इंजिन, सीट वगैरे ज्यांना ते लावलंय, ते रात्रभर उघड्यावर ठेवा. काच नंतर.

काचेला पांढरा गोंद. कडेला लावा, बसवा आणि ओल्या कापसाने पुसा. राहिलेल्या फटीत तोच गोंद थोडं पाणी घालून ब्रशने सोडा. वाळताना आकसतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या लागतात. चौकटीवर आधी आतल्या बाजूचा रंग मारा, वर बाहेरचा. काचेतून आत बघताना मग चौकट खरी वाटते. ओरखडा पडलाच तर २००० नंबरचा ओला पेपर आणि मग टूथपेस्ट, मऊ सुती कापडावर.

५. इंजिन आणि रोटर

पाठीवरच्या आर्तूस्त टर्बाइनवर बारीक नळ्या दाखवायच्या तर महागडे संच लागत नाहीत. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वाइंडिंगची तांब्याची तार वाव-दोन वाव सहज मिळते. ३० गेज म्हणजे ०.३१ मिमी, ३६ गेज ०.१९ आणि ४० गेज ०.१२. १/७२ ला ३६ आणि ४० पुरे. ३० गेजची नळी खऱ्या यंत्रावर सव्वादोन सेंमी जाड होईल, तेव्हा ती एखाद्याच ठिकाणी. तार सुईभोवती वाकवा, भोक ०.३ मिमी ड्रिलने पाडा आणि तार भोकात खोचा. पृष्ठभागावर नुसती चिकटवलेली तार रंगवताना निघते.

मुख्य रोटरला तीन पाती. कागदावर १२० अंशांच्या तीन रेघा काढा आणि हब, म्हणजे पाती जिथे जुळतात तो मधला भाग, मधोमध टेकवून पाती त्या रेघांवर जोडा. वरून बघितल्यास चेतकचा रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या उलट. पात्याची जाड, गोल कड पुढची. नाकाच्या दिशेने आलेल्या पात्याची ही कड वैमानिकाच्या उजवीकडे हवी. उलटी बसवलेली पाती प्रदर्शनांतही दिसतात. उभ्या हेलिकॉप्टरची पाती खाली झुकतात. उकळून उतरवलेल्या पाण्यात पातं काही सेकंद बुडवा, अलगद वाका, गार पाण्यात धरा. टोकाला २ ते ४ मिमी पुरे. पात्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा बऱ्याच किटमध्ये नसतात. मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूच्या धाग्याने त्या करा. या तीन धाग्यांनी हब एकदम जिवंत होतो.

६. पावसाळा

जून ते सप्टेंबर इथे गोव्यात हवाच ओली असते. चवथीच्या मूर्ती रंगवणाऱ्यांना हे सांगायला नको. लॅकर फवारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. पावसाची उघडीप बघून दुपारी फवारा आणि हळू उडणारा रिटार्डर थिनर घाला. पांढरटपणा आलाच तर त्याच थिनरचा अगदी हलका फवारा मारून तो बहुधा जातो. वाळवायला झाकणाचा डबा आणि सिलिका जेल वापरा. तिथे धूळही लागत नाही.

संदर्भ

गोव्यात बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमानन संग्रहालयात चेतक जवळून बघता येतं. चारी बाजूंनी फोटो घ्या, विशेषतः रोटरचा हब आणि इंजिनच्या नळ्या. रंगाचा पुरावा म्हणून मात्र ते धरू नका. उघड्यावर ठेवलेल्या यंत्राला नंतर नवा रंग दिलेला असू शकतो. रंगासाठी सेवेत असलेल्या चेतकचे, ज्या वर्षाचं मॉडेल करताय त्या वर्षाचे फोटो शोधा.