जीपला जादा लाईट लावताना: करंट कुठून न्यायचा

जुलै महिना, रात्रीचे साडेनऊ. गगनबावडा सोडून मामांची जीप करूळ घाटात उतरत होती. धुकं असं, की रस्त्याकडेचा कठडा हातभर जवळ आल्यावर दिसायचा. मामांनी नवीन बसवलेल्या लाईटचा स्विच दाबला. पुढे पांढरी भिंत उभी राहिली, आणि दोन वळणं झाल्यावर सगळंच विझलं. नवीन लाईट गेले, त्यांच्याबरोबर हेडलाईटही गेले. मामांनी हँडब्रेक ओढला. मी मोबाईलच्या उजेडात बॉनेट उघडलं. हेडलाईटच्याच वायरला टाका मारून जादा लाईट जोडले होते. सगळ्यांचा भार एकाच फ्यूजवर येत होता, तो उडाला. मी पकडीने जादा जोड तोडला, हॉर्नच्या जागचा त्याच नंबरचा फ्यूज काढून हेडलाईटच्या जागी घातला आणि तोंडाने ओरडत आम्ही वैभववाडीपर्यंत उतरलो.

तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आता कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं आण्णांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान अकरा वर्षं मी चालवते. लाईट कुठला घ्यावा हे विचारायला रोज कुणीतरी येतं. करंट कुठून नेऊ, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं काम तिथेच आहे.

तरी आधी लाईटचं बघू. आपल्याकडे गरज दोन प्रकारची. गगनबावडा, आंबा, आंबोली या बाजूला धुक्यासाठी फॉग लॅम्प हवेत. ते बंपरवर जितके खाली बसतील तितके चांगले, आणि त्यांचा उजेड वरून कापलेला असावा. टपावरचा लाईट बार, म्हणजे आडवी लांब लाईटची पट्टी, धुक्यात निरुपयोगी. त्याचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो, शिवाय बॉनेट चमकतं ते वेगळंच. दुसरी गरज शेताकडच्या, जंगलाकडच्या कच्च्या वाटेची. तिथे लांब टाकणारे लाईट चालतात. पण डांबरी रस्त्यावर ते बंदच हवेत आणि त्यांवर कव्हर हवं. ऊस हंगामात राधानगरी रोडला रात्री समोरून ट्रॉल्या येतात, बैलगाड्या येतात. डोळ्यावर उजेड आला की बैल बुजतात, आणि गाडीवानाला कासरा सावरायला जागा नसते. पोलीस दंड करतात तो भाग निराळा.

आता हिशेब. 55 वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॉट. बॅटरीच्या 12 व्होल्टने भागा, सव्वानऊ अँपिअरच्या आसपास येतं. याला फ्यूज 15 चा, म्हणजे पात्याच्या फ्यूजमधला निळा. वायर अडीच स्क्वेअर एमएमची. बार टपावर न्यायचा असेल तर लांबी वाढते, तिथे मी 4 ची घालते. एक गोष्ट नीट समजून घ्या: फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. त्यामुळे फ्यूज उडाला म्हणून त्याजागी 30 चा हिरवा घालणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं. एलईडीला करंट कमी लागतो, पण खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका. मल्टिमीटर लावून तो खरोखर किती ओढतो ते मोजा आणि त्यावरून फ्यूज ठरवा.

वायर लक्ष्मीपुरीच्या बाजारात घ्या किंवा कुठेही, एक तार सोलून ब्लेडने खरवडून बघा. तांबूस रंगाखाली पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. परत द्या. लाईटबरोबर येणाऱ्या तयार हार्नेसमध्ये, म्हणजे वायरच्या जुडग्यात, बऱ्याचदा रबर जाड आणि आतला गाभा दोऱ्याएवढा असतो. याचा परिणाम थेट उजेडावर होतो. हॅलोजनला पोचणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने पडतो. लोक म्हणतात लाईट भंगार निघाला. लाईट चांगला असतो, त्याला पोटभर मिळत नसतं.

रिले न घालता जादा लाईट लावू नका. रिले म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. रिलेवर चार आकडे असतात. 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर. 87 वरून लाईटकडे जाणारी जाड वायर. 85 अर्थला, म्हणजे बॅटरीचा मायनस जोडलेल्या गाडीच्या बॉडीला. 86 ला स्विचकडून येणारी बारीक वायर. पाच पायांचा रिले मिळाला तर मधला 87ए रिकामा ठेवून त्यावर स्लीव्ह चढवा. म्हणजे सगळा भार रिलेमधून जातो आणि डॅशबोर्डवरच्या स्विचमधून पाव अँपिअरही जात नाही. स्विच वितळून प्लॅस्टिकचा वास येणाऱ्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्या सगळ्यांत नऊ-दहा अँपिअर स्विचमधूनच फिरवलेले होते.

स्विचला प्लस कुठून द्यायचा? लांबच्या लाईटसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: अप्परच्या, म्हणजे हेडलाईटच्या लांब उजेडाच्या वायरवरून. अप्पर लावला आणि स्विच चालू असला तरच लाईट लागतात. डिप्पर मारून उजेड खाली केला की अप्परबरोबर तेही विझतात, हात दुसरीकडे न्यावा लागत नाही. समोरच्या गाडीवानासाठी एवढं तरी आपण करावंच. फॉग लॅम्पला पार्किंग लाईटवरून द्या. काही गाड्यांत हेडलाईट अर्थच्या बाजूने चालू-बंद होतो, म्हणून अंदाजाने न जोडता टेस्टर लावून खात्री करा. नव्या गाड्यांत लाईट कंट्रोल युनिटवरून चालतात. तिथे कंपनीची वायर सोलू नका. चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या फ्यूजच्या जागी फ्यूज टॅप, म्हणजे जादा वायर निघालेला फ्यूज होल्डर, घालून प्लस घ्या. त्यात डिप्परबरोबर लाईट आपोआप विझत नाहीत, ते भान ठेवावं लागतं.

कामाला हात घालताना पहिल्यांदा बॅटरीचा मायनस काढायचा, आणि जोडताना तो सगळ्यात शेवटी. प्लसच्या नटावर पाना असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर काय होतं हे आण्णांच्या एका पान्यावर दिसतं. त्याच्या तोंडाशी हरभऱ्याएवढा खड्डा आहे. मायनस काढलेला असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. त्याच्या अलीकडच्या वायरला कुणी राखणदार नसतो, ती घासून बॉडीला लागली तर थेट आग. पुढची सगळी वायर फ्लेक्सिबल पाईपमधून न्या. सायलेन्सरच्या बाजूने नको, फॅनजवळ नको, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ नको. डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून आत घेताना रबरी बुश घालाच. पत्र्याची कड धार लावल्यासारखी असते आणि गाडी हलते तशी ती वायर कापत राहते. रिले उंचावर, पाय खाली करून बसवा, आणि लाईटपाशी वायरला खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं.

आता अर्थ. धुकधुकणाऱ्या, मंद जळणाऱ्या लाईटचं दुखणं मला बहुतेक वेळा इथे सापडतं. पेंट केलेल्या बंपरवर थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, ठेवून नट आवळला की काम झालं असं वाटतं. रंग करंट जाऊ देत नाही. जे काय जातं ते बोल्टच्या आट्यांमधून, आणि पहिल्याच पावसाळ्यात आटे गंजतात. चॅसिसवर रुपयाएवढी जागा काचपेपरने घासा, लोखंड पांढरं चकचकीत दिसेपर्यंत. थिंबल दाबायला क्रिम्पिंगचीच पक्कड घ्या. दाबल्यावर वायर जोर लावून ओढा, निसटली तर आत्ताच निसटू दे. दाते असलेला वॉशर घालून आवळा आणि वरून व्हॅसलिन चोपडा. गंज थिंबलपर्यंत पोचत नाही. आण्णा प्लस आणि अर्थची वायर एकाच जाडीची ठेवायला लावायचे. गेलेला करंट तेवढाच परत यायचा असतो, हे त्यांचं कारण. मीही तेच करते.

झालं की मोजा. इंजिन चालू, लाईट चालू. मल्टिमीटरचा लाल बॅटरीच्या प्लसवर, काळा लाईटच्या प्लसवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. मग एक टोक लाईटच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. इथे 0.2 च्या वर दिसलं तर पुन्हा काचपेपर. पंधरा मिनिटं लाईट पेटते ठेवून वायर, फ्यूज होल्डर आणि रिलेचे पाय हाताने चाचपा. वायर कोमट लागली तरी मी जोड उघडते. मग बंपरवर पाईपने पाणी मारा आणि परत बघा.

स्विच अंधारात डोळे न वळवता बोटाला सापडला पाहिजे. मी फॉगचा डावीकडे आणि लांबचा उजवीकडे ठेवते, शक्यतो वेगवेगळ्या आकाराचे. आतला दिवा पेटणारा असेल तर उत्तम, लाईट चुकून चालू राहिला तर लगेच दिसतो.

लाईटचं तोंड रात्री भिंतीसमोर लावायचं. सपाट जागा, भिंत 25 फुटांवर. लाईटच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. फॉग लॅम्पच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली पडू दे. मागच्या सीटवर माणसं, डिकीत सामान असं नेहमीचं वजन ठेवूनच हे करा, कारण मागची बाजू दबली की तोंड वर जातं.

पहिल्या कच्च्या वाटेनंतर, समजा दाजीपूरचं जंगल करून आलात, तर ब्रॅकेटचे आणि अर्थचे नट पुन्हा आवळून घ्या. हादऱ्याने ते सैल होतातच. आणि रिलेच्या शेजारी बॉनेटच्या आत कागद चिकटवा: कुठली वायर कुठल्या रंगाची, कुठून कुठे, फ्यूज किती. त्यावर पारदर्शक टेप. दोन जादा फ्यूज आणि एक रिले डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात. मामांच्या जीपमध्ये ती डबी मी स्वतः ठेवली आहे, दर जूनमध्ये उघडून बघते.