जांभ्याचा चिरा, नळीचं कौल आणि दीपमाळ: एक्सट्रूड, बेव्हल, लेथ वापरताना या चुका टाळा

देवगडकडच्या आमच्या जुन्या घराचं मॉडेल मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो आहे. घर अजून उभं आहे, पण आढं खचलंय आणि दोन-तीन पावसाळ्यांत ते उतरवावं लागणार. म्हणून जोत्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत सगळं टेपने मापून घेतलं, आणि पलीकडच्या देवळासमोरची दीपमाळही. रविवारी गावातली काही मुलं हेच शिकायला येतात. त्यांच्या फाइली उघडल्या की दुखणी बहुतेक तीच निघतात, म्हणून ती इथे लिहितो. बटणं ब्लेंडरची सांगतोय. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं वेगळी असतील, पण चुका ह्याच.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे एक्सट्रूड (पृष्ठभाग ओढून त्याला जाडी देणं) रद्द झाला असं समजणं. भिंतीचा फेस, म्हणजे सपाट पृष्ठभाग, निवडला, ई दाबलं, ओढायला लागलो आणि मन बदललं, म्हणून राइट क्लिक केलं. फेस जागेवर परत गेला. पण रद्द झालं ते फक्त सरकवणं. एक्सट्रूड झालेलाच असतो. नवे चार व्हर्टेक्स (कोपऱ्यांचे बिंदू) जुन्या चारांच्या नेमके डोक्यावर बसतात आणि त्यांच्यामध्ये शून्य रुंदीचे फेस तयार होतात. त्या क्षणी डोळ्यांना काहीच दिसत नाही. तासाभराने सबडिव्हिजन (फेस बारीक करून आकार गुळगुळीत करणं) लावलं की तिथे विनाकारण कडक रेघ उमटते, किंवा बेव्हलची (कड कापून गोलसर करण्याची) रुंदी कितीही वाढवली तरी तो जागचा हलत नाही, कारण त्याला शून्य लांबीची एज (कड) आडवी येते. तेव्हा राइट क्लिकच्या पाठोपाठ लगेच कंट्रोल-झेड दाबायची सवय लावा. घोळ आधीच झाला असेल तर एडिट मोडमध्ये (जिथे वस्तूचे भाग सुटे हलवता येतात) सगळं निवडून एम दाबा आणि बाय डिस्टन्स घ्या, म्हणजे एकमेकांवर बसलेले व्हर्टेक्स एक होतात. किती व्हर्टेक्स काढले तो आकडा खालच्या पट्टीत येतो, तो वाचा. अंतर मूळचं ०.०००१ मीटर असतं, ते उगाच वाढवू नका. नाहीतर कौलाची पातळ कडच एकमेकींत चिकटते.

कौलांवरून आठवलं. आमच्या मागच्या पडवीवर अजून नळीची कौलं आहेत, अर्धगोल. मुलं अर्धगोल पट्टी करतात आणि जाडी द्यायला ती सरळ वर एक्सट्रूड करतात. मग कौल माथ्यावर जाड आणि कडांकडे कागदासारखं पातळ होतं. वक्र पृष्ठभागाला एका दिशेने ओढून सारखी जाडी कधीच मिळत नाही. ऑल्ट-ई दाबून अलाँग नॉर्मल्स (नॉर्मल म्हणजे फेसची बाहेरची काटकोनी दिशा) घ्या आणि ऑफसेट ईव्हन चालू ठेवा. मला मात्र सॉलिडिफाय मॉडिफायर (मूळ आकृती न बदलता तिच्यावर लावलेला बदल) जास्त पटतो, कारण जाडी नंतर बदलता येते. ऑल्ट-ईच्या मेनूतला इंडिव्हिज्युअल फेसेस जपून वापरा. लगतचे दोन फेस त्याने वर काढले तर त्यांच्यामध्ये पाठीला पाठ लावून दोन भिंती उभ्या राहतात, आणि बाहेरून त्या दिसत नाहीत.

बेव्हलच्या तक्रारींत पहिली नेहमी एकच असते: एका बाजूला रुंद येतो, दुसऱ्या बाजूला अरुंद. मुलाने साधा क्यूब घेतलेला असतो आणि ऑब्जेक्ट मोडमध्ये (जिथे अख्खी वस्तू एकदम बदलते) ताणून त्याचा चिरा केलेला असतो. सॉफ्टवेअरच्या हिशेबी तो अजून क्यूबच असतो, त्यामुळे बेव्हलही त्याच्याबरोबर ताणला जातो. एन दाबून पॅनेल उघडा. स्केलचे तिन्ही आकडे १ नसतील तर आधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा. बेव्हल मॉडिफायरने दिलेला असेल तर तो आपोआप सुधारतो. कंट्रोल-बीने आधीच कापलेला असेल तर मागे जाऊनच पुन्हा करावा लागतो.

दुसरी गोष्ट नजरेची आहे. कडेला बेव्हल हवाच, नाहीतर उजेड तिथे पकडला जात नाही आणि भिंत पुठ्ठ्याची दिसते. पण मुलं एवढा गोल करतात की जांभ्याची भिंत साबणाच्या वड्या रचल्यासारखी होते. खाणीतून आलेला चिरा कडेला खरबरीत असतो. त्याची धार पावसाने मरते, पण तो गुळगुळीत होत नाही. मी २ ते ३ मिलिमीटर रुंदी आणि २ सेगमेंट (बेव्हलचे टप्पे) ठेवतो, बाकी काम टेक्स्चरवर सोडतो.

बेव्हल मॉडिफायरची कोनाची मर्यादा मुळात ३० अंश असते, म्हणजे त्याहून जास्त वळणाऱ्या कडांनाच बेव्हल बसतो, तीही ध्यानात ठेवा. १६ बाजूंच्या गोल खांबात शेजारच्या फेसमध्ये २२.५ अंशांचा फरक असतो, म्हणून उभ्या कडा सुटतात, आणि तेच हवं असतं. खांब ८ बाजूंचा केलात तर फरक ४५ होतो आणि प्रत्येक उभ्या कडेला बेव्हल बसतो.

आता लेथ, म्हणजे अर्धी आकृती अक्षाभोवती फिरवून गोल वस्तू करणं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, त्यांतले गोल नग लेथवर कातलेले असतात. कातारी लाकूड दोन टोकांच्या मध्यात पकडतो. मध्य चुकला तर लाकूड लडबडतं. इथेही सगळा जीव अक्षात आहे. ब्लेंडरमध्ये लेथ नावाचं हत्यार नाही. स्पिन वापरा किंवा स्क्रू मॉडिफायर. स्पिन थ्रीडी कर्सरभोवती (हव्या त्या जागी ठेवता येणारी खूण) फिरतो, स्क्रू ऑब्जेक्टच्या ओरिजिनभोवती (वस्तूचा मूळ बिंदू). दीपमाळीच्या मधोमध बांगडीसारखं भोक पडलं, तर अर्ध्या आकृतीचे वरचे-खालचे व्हर्टेक्स अक्षाला टेकलेले नाहीत असं समजा. अंदाजाने ढकलू नका, पॅनेलमध्ये एक्सच्या जागी ० टाइप करा. आकृती अक्षापलीकडे गेली असेल तर आतल्या आत पृष्ठभाग एकमेकांतून जातो आणि रेंडरमध्ये (तयार चित्रात) काळे डाग पडतात.

स्पिनने ३६० अंश फिरवताना ऑटो मर्ज बंद असेल तर शेवटची आकृती पहिलीवर नुसती येऊन बसते, शिवत नाही. स्मूथ केल्यावर दीपमाळीवर वरपासून खालपर्यंत शिवण दिसते. स्क्रूमध्ये टोकाशी व्हर्टेक्सचा ढीग होतो, तिथे मर्ज चालू करा. दोन्हीकडे फेस ओरिएंटेशन (फेसची दिशा रंगाने दाखवणारी सोय) लावून बघा: बाहेरून निळं हवं. लाल दिसलं तर नॉर्मल उलटे आहेत. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबा. शेडिंग बिघडलं म्हणून जुन्या व्हिडिओत दाखवलेला ऑटो स्मूथचा चौकोन शोधत बसू नका. ब्लेंडर ४.१ पासून तो तिथे नाही, त्याच्या जागी स्मूथ बाय अँगल आहे.

स्टेप्सचा, म्हणजे गोल किती तुकड्यांत करायचा त्याचा, आकडा ठरवताना आधी दीपमाळीचे हात मोजा. आमच्या दीपमाळीच्या प्रत्येक थराला पणत्या ठेवायचे ८ दगडी हात आहेत. ते लेथमधून निघत नाहीत, वेगळे करून भोवती फिरवून लावावे लागतात. स्टेप्स ८ च्या पटीत, म्हणजे २४ किंवा ३२ ठेवल्या तर आठही हातांखाली मेश (फेसची जाळी) सारखीच येते. ३० ठेवल्या तर कुठे हात एजवर येतो, कुठे फेसच्या मध्यावर, आणि जोडताना रडकुंडीला येतो माणूस.

मॉडिफायर अप्लाय करायची, म्हणजे कायमचा करून टाकायची, घाई करू नका. गेल्या महिन्यात शिडी लावून दीपमाळ पुन्हा मापली, तर तिसरा थर आधीच्या मापापेक्षा ४ सेंटिमीटर खाली निघाला. माझी आकृती अजून अर्धीच होती, स्क्रू तिच्यावर तसाच होता. दोन व्हर्टेक्स खाली ओढले आणि थर जागेवर बसला.