ना पंधरा, ना सोळा: ३९० मिलिमीटरचा टायर कसा मिळवावा

माझ्याकडे १९८४ ची बीएमडब्ल्यू ६३५ सीएसआय आहे. श्टुटगार्टजवळ राहतो, सोळा वर्षं ही गाडी चालवतोय. या काळात तिला चार वेळा टायर घेतले आणि ओळखीतल्या सात-आठ जणांना त्यांच्या गाड्यांसाठी मिळवून दिले. बहुतेकांचं माप एकच होतं: २२०/५५ व्हीआर ३९०, म्हणजे रुंदी २२० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिमचा व्यास ३९० मिलिमीटर. हे माप साध्या टायरच्या दुकानात सांगितलं की काउंटरपलीकडचा माणूस आधी गोंधळतो आणि मग सल्ले देऊ लागतो. त्यातले काही सल्ले जिवावर बेतणारे असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी रिम वाचा

टायरवरचा आकडा सगळे वाचतात, रिमवरचा फारच थोडे. माझ्या रिमच्या आतल्या बाजूला '१६५ टीआर ३९०' असं कोरलेलं आहे. १६५ ही रुंदी, ३९० हा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सत्तरच्या दशकात मिशेलिनने टीआरएक्स ही पद्धत आणली, तेव्हा रिमच्या कडेचा आकारच बदलला. कड बुटकी केली आणि बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे टायरची बाजू रिममधून सलग वळण घेत बाहेर पडते आणि ताण एका जागी साठत नाही. या रिमवर नेहमीचा टायर चुकूनही चढू नये म्हणून व्यास मुद्दाम इंचांच्या मधला ठेवला. बीएमडब्ल्यूच्या पाच आणि सहा मालिकांना, फेरारी मोंडियालला, सित्रोएन सीएक्सला, फोर्ड मस्टँगलाही हे टायर त्या काळी लागत.

३९० मिलिमीटर म्हणजे १५.३५ इंच. पंधरा इंची टायरच्या कडेचा व्यास ३८१ मिलिमीटर, सोळा इंचीचा ४०६. 'पंधरा इंची टायर थोडा जोर लावून, साबण लावून, जास्त हवा मारून बसतो' असं मला आजवर तीन जणांनी सांगितलंय. बसत नाही. कडेतली पोलादी तार ताणली जाते, तुटते, आणि हवा भरणाऱ्याच्या तोंडासमोर टायर फुटतो. सोळा इंची टायर रिमवर सैल राहतो आणि ३९० चा टायर पंधरा इंची रिमवरून निसटतो. असं सुचवणाऱ्या दुकानातून गाडी बाहेर काढा. त्या माणसाकडून साधं बॅलन्सिंगसुद्धा करून घेऊ नका.

जुनं माप ठेवायचं की रिम बदलायची

हा निर्णय टायर शोधायला लागण्याआधी घ्या, नंतर नाही. दोन्ही वाटा योग्य आहेत. त्यांच्यामध्ये मात्र वाट नाही.

गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालत असेल, रिम सरळ असतील आणि जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या गाड्यांना मिळणारी 'एच' नंबरप्लेट असेल, तर मूळ टीआरएक्सच ठेवा. मिशेलिन हे टायर आजही बनवते. ते महाग आहेत, हे मान्य. पण गाडीचं सस्पेन्शन याच टायरवर जुळवलेलं आहे, आणि स्टिअरिंग हातात घेतल्यावर पहिल्या वळणात ते कळतं.

गाडी रोज वापरात असेल तर सोळा इंची रिम घ्या आणि मूळ रिम पुसून, गुंडाळून ठेवून द्या. कधीही विकू नका. बदलीचं माप काढायला लागतो तो पाचवीतला गुणाकार. २२० च्या ५५ टक्के म्हणजे १२१, वर आणि खाली मिळून २४२, त्यात ३९० मिळवले की टायरचा बाहेरचा व्यास ६३२ मिलिमीटर. आता २०५/५५ आर १६ काढून पाहा: ११२.७५ ची दुप्पट २२५.५, अधिक ४०६.४, म्हणजे ६३१.९. २२५/५० आर १६ चा येतो ६३१.४. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. 'पन्नास मालिकेचा २०५ घ्या, दिसतो छान' (म्हणजे २०५/५० आर १६) असं कोणी म्हटलं तर त्याचा व्यास ६११ येतो, तीन टक्क्यांहून जास्त कमी. तो नको.

या दोहोंपैकी मी नेहमी २०५/५५ आर १६ सुचवतो. २२५/५० अंगावर भरलेला दिसतो, पण तो स्वतःच हल्ली कमी कंपन्या बनवतात. एक दुर्मिळ माप सोडून दुसऱ्या होऊ घातलेल्या दुर्मिळ मापाच्या मागे लागण्यात काय हशील? २०५/५५ आर १६ पिढ्यानपिढ्या फोक्सवॅगन गोल्फला लागत आला आहे. तो मध्यरात्रीही मिळेल.

रिम घेताना पाच बोल्ट आणि १२० मिलिमीटरचं वर्तुळ जुळलं म्हणून खूश होऊ नका. मधलं छिद्र ७२.६ हवं आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून बोल्टच्या बैठकीचं अंतर, वीस मिलिमीटरच्या आसपास. तीन मालिकेच्या नंतरच्या गाड्यांच्या रिमचा ऑफसेट चाळीसच्या वर असतो. ती रिम बोल्टवर बसते आणि टायर आत जाऊन शॉकअॅब्सॉर्बरला घासतो. १९९५ साली आलेल्या पिढीच्या पाच मालिकेची रिम ऑफसेटला चालते, पण तिचं छिद्र ७४.१ चं आहे. मधे कडी घातली नाही तर शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसतात.

विक्रेते

इंग्लंडमध्ये लाँगस्टोन आणि व्हिंटेज टायर्स, जर्मनीत म्युन्शनर ओल्डटायमर राइफेन, अमेरिकेत कोकर. एवढे पुरतात. इंग्लंडहून मागवलंत तर २०२१ पासून सीमाशुल्क आणि १९ टक्के आयातकर धरून हिशोब करा. मानहाइमच्या व्हेटेरामा या जुन्या गाड्यांच्या बाजारात रिम शोधा, टायर नाही. कारण पुढे येतं.

तारीख

मी जिथे फसलो ती ही पायरी, आणि आजही बहुतेक लोक इथेच फसतात. माप मिळालं की आनंदात माणूस बाकी काही विचारत नाही.

२०१७ साली मला एका खाजगी विक्रेत्याकडे चार टायर सापडले. कधीच न बसवलेले, अंधाऱ्या गॅरेजात ठेवलेले, किंमत नव्याच्या निम्मी. फोटो स्वच्छ होते. नक्षी पूर्ण, रबरावर कारखान्यातल्या रंगीत रेघासुद्धा शाबूत. आले तेव्हा आतल्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे दिसले: २३०४. म्हणजे २००४ सालचा तेविसावा आठवडा. टायर तेरा वर्षांचे होते. ही तारीख एकाच बाजूला छापलेली असली तरी चालते आणि फोटो दुसऱ्या बाजूचे होते. व्यवहार खाजगी, परत करायची सोय नाही. मी मनाची समजूत घातली की वापरलेच नाहीत म्हणजे नवेच. आणि बसवले.

ऑक्टोबरात उल्महून घरी येताना, ए८ महामार्गावर आल्बच्या पठारावरून रस्ता खाली उतरतो तिथे, पावसात गाडीची मागची बाजू सुटली. वेग जेमतेम साठ होता. शेजारच्या पट्ट्यात तेव्हा कोणी नव्हतं, म्हणून गाडी सरळ करता आली. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. ती जागीसुद्धा झाली नाही, पण मी पुढच्या पार्किंगमध्ये थांबलो तेव्हा माझे हात चावी फिरवण्याच्या स्थितीत नव्हते. दुसऱ्या दिवशी टायर उतरवले. रिमच्या कडेला टेकतो त्या भागात केसांसारख्या बारीक भेगा होत्या. शोअर काट्याने रबराचा कडकपणा मोजला. रस्त्याच्या नव्या टायरचा साधारण साठ ते सत्तरच्या दरम्यान येतो. माझ्या टायरचा ऐंशीच्या वर होता. नक्षी पूर्ण आठ मिलिमीटर आणि पकड शून्य.

तेव्हापासून 'न वापरलेला म्हणजे ताजा' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. खरी गोष्ट उलटी आहे. रबराला ओझोनपासून वाचवणारी मेणं आणि रसायनं टायरच्या आत मिसळलेली असतात, आणि टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. जुन्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक त्याचीच. फळीवर पडून राहिलेल्या टायरला ही राखण पुरेशी मिळत नाही. शिवाय रबरातले गंधकाचे बंध वर्षानुवर्षं वाढतच राहतात, प्राणवायू आपलं काम करतच राहतो, आणि रबर आतून कडक होत जातं. अंधारी खोली हे लांबवते, थांबवत नाही.

म्हणून माझा नियम सांगतो, आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही. पैसे देण्याआधी चारही टायरच्या तारखेचे वेगवेगळे फोटो मागवा. एका टायरचा फोटो चार वेळा पाठवणारे विक्रेते असतात, म्हणून प्रत्येक टायरवर खडूने एक, दोन, तीन, चार लिहायला सांगा. विक्रेता 'गोदामात अंधार आहे', 'तारीख आतल्या बाजूला आहे', 'नंतर पाठवतो' म्हणाला तर नाद सोडा. तारखेत तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे. तो गाडी दिवाणखान्यात उभी करून ठेवणाऱ्यासाठी ठीक, रस्त्यावर नाही. दुकानातून नवा घेताना मी दोन वर्षांपर्यंतचा स्वीकारतो, त्यापुढचा नाही. गाडीवर बसवलेला टायर सहाव्या वर्षापासून दरवर्षी तपासतो आणि दहाव्या वर्षी काढतो, नक्षी कितीही शिल्लक असो. जर्मनीत साध्या गाडीच्या टायरला वयाची कायदेशीर मर्यादा नाही. पण शंभरच्या वेगाची परवानगी असलेल्या ट्रेलरच्या टायरला सहा वर्षांची आहे. ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरला सहा, मग दोनशेच्या वर जाणाऱ्या गाडीला बेमुदत कसं चालेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

दुसरी गोष्ट: हे टायर रोज बनत नाहीत. जुने साचे काढून एक घाणा होतो, मग काही महिने काहीच नाही. विक्रेत्याच्या यादीत 'उपलब्ध' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बऱ्याचदा मागच्या घाण्यातले उरलेले दोन असा असतो. फोन करून विचारा: माल प्रत्यक्ष तुमच्या गोदामात आहे का, कोणत्या आठवड्याचा, चारही एका घाण्यातले देणार का, नसतील तर पुढचा कधी. ही उत्तरं ईमेलवर लिहून घ्या. चार महिने थांबावं लागलं तर थांबा. हिवाळ्यात विचारायला सुरुवात केली तर उन्हाळ्यापर्यंत टायर हातात येतात. मे महिन्यात जागे होणारेच मग गॅरेजातल्या जुन्या मालाला बळी पडतात.

आणि पुढच्या वेळेसाठी म्हणून जादा चार टायर घेऊन माळ्यावर टाकू नका. मिळत नाहीत म्हणून साठवायचा मोह होतो, हे मला कळतं. पण तुम्ही त्या माळ्यावर पुढच्या माणसासाठी २३०४ तयार करत असता.

कागद

मूळ मापाला काही लागत नाही. माप बदलत असाल तर जर्मन नोंदणीपत्रातले टायरच्या मापाचे रकाने १५.१ आणि १५.२ पाहा. नव्या पद्धतीच्या पत्रात एकच माप छापतात, पण कारखान्याने परवानगी दिलेली मापं जास्त असू शकतात. जुनं पत्र जपलं असेल तर त्यात ती सापडतात, नसेल तर बीएमडब्ल्यू क्लासिक या कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाकडे लेखी विचारणा करा. ८.१ आणि ८.२ मध्ये अक्षांवरचा कमाल भार असतो. त्याच्या निम्म्याहून जास्त भार एका टायरला पेलला पाहिजे. टायरवरच्या मापाशेजारी भारक्षमतेचा अंक असतो, ९१ म्हणजे ६१५ किलो. वेगासाठी 'टी' रकाना पाहा: टायरवरचं अक्षर एच असेल तर ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही असेल तर २४० पर्यंत. ६३५ ला एच पुरत नाही. सगळं घेऊन तपासणी अभियंत्याकडे रिम घेण्याआधी जा. नंतर गेलेल्यांना मी रिम परत विकताना पाहिलंय.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

पुण्या-मुंबईत अशी जुनी आयात गाडी असणारे मला विचारतात की येताना चार टायर घेऊन येशील का. जून २०२० पासून भारतात नव्या टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत आहे, म्हणजे परवाना लागतो. शिवाय टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि ते या मापांवर मी कधी पाहिलेलं नाही. तिथे मूळ मापाच्या मागे न लागता रिम बदलणंच शहाणपणाचं. २०५/५५ आर १६ ऑक्टाव्हिया आणि कोरोला ऑल्टिसमुळे तिथेही सहज मिळतो. तारीख मात्र तिथेही वाचा.

बसवणं

टीआरएक्स आधी बसवलेल्या माणसाकडेच बसवा, व्हॉल्व्ह नवे घाला, रिम फिरवून वाकडी नाही ना ते पाहा, आणि पहिले तीनशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर सांभाळून चालवा. त्यानंतर थंड टायरची हवा पुन्हा मोजा आणि चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्या.