गेमबुक कॉम्प्युटरवर आणताय? या चुका टाळा

‘दिल्ली दरवाजाने आत शिरायचं तर १२ वर जा, खिडकी दरवाजाने तर २३१ वर.’ गेमबुक म्हणजे अशी गोष्ट, जिच्यात पुढे कुठल्या क्रमांकाच्या उताऱ्यावर जायचं ते वाचकच ठरवतो. शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत, त्यामुळे असल्या गोष्टीला पुण्यात जागा शोधावी लागत नाही. अडतं ते पुढे, अशी फाटे फुटणारी गोष्ट कॉम्प्युटरवर रचायच्या ट्वाइनसारख्या फुकट साधनात भरायला घेतली की.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी भानगड आधी सांगतो. ‘पायऱ्या’ नावाचा उतारा लिहिलेला असतो, त्याकडे जाणारी लिंकही असते, तरी वाचक कोऱ्या पानावर जाऊन आपटतो. ट्वाइनमधला गोष्टीचा नकाशा उघडावा तर ‘पायऱ्या’ नावाच्या दोन चौकटी, त्यातली एक रिकामी! कारण ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, एकाहून जास्त प्रकारे टाइप होतो. कोणी वेगळं ‘ऱ’ हे अक्षर वापरतं, कोणी ‘र’ला हलन्त देऊन मधे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. नाव जुळलं नाही की ट्वाइन बिनबोभाट नवा उतारा तयार करतं. एकीकडे देवनागरी आकडे आणि दुसरीकडे इंग्रजी आकडे वापरले तरी हेच होतं. म्हणून उताऱ्यांची नावं सरळ रोमन अक्षरांत ठेवा. दुहेरी चौकटी कंसात आधी वाचकाला दिसणारं मराठी वाक्य, मग बाण, मग उताऱ्याचं नाव. वाचकाला ते नाव दिसतच नाही, मग तिथे मराठी बाणा कशाला?

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फॉन्टच्या फाइलमधून आणत असाल तर तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. रफार आणि पहिली वेलांटी एकेक करून तपासा.

दुसरी चूक म्हणजे कागदाची गरज कॉम्प्युटरवर लादणं. १९८२ च्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ या इंग्रजी गेमबुकमध्ये ४०० उतारे होते. अशा पुस्तकांत क्रमांक मुद्दाम विस्कटलेले असतात, नाहीतर शेजारच्या उताऱ्यावर नजर जाऊन पुढचं कळायचं. पडद्यावर शेजारचा उतारा दिसतच नाही. नवी गोष्ट लिहिताना आकडे पिसत बसू नका. छापील पुस्तक चढवत असाल तर मात्र मूळ क्रमांक जपा, मुद्रितशोधनाला तेच कामी येतात.

उलट, कागदावरची मजा काढून टाकू नका. ‘लोन वुल्फ’ या गेमबुक मालिकेत डोळे मिटून आकड्यांच्या तक्त्यावर पेन्सिल टेकवायची असते. हे काम प्रोग्रॅमने गुपचूप करून थेट ‘तुम्ही मेलात’ असं दाखवलं, तर वाचक चिडणारच. आकडा दाखवा, फासा वाचकाच्या बोटाने पडू द्या. आणि मागे जायचं बटण ठेवाच. मागच्या पानात बोट अडकवून पुढे डोकावणं ही माझ्या मते चीटिंग नव्हे, ती या पुस्तकांची अर्धी गंमत आहे.

परवानगीचं काय? ‘लोन वुल्फ’ची पुस्तकं प्रोजेक्ट एऑन या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, कारण लेखक जो डेव्हर यांनीच १९९९ मध्ये तशी मुभा दिली. पण तेवढ्यावरून त्या पुस्तकांचं मराठी भाषांतर करून कुठेही टाकायला आपण मोकळे होत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात आणि भाषांतरालाही परवानगी लागते. त्यापेक्षा शनिवारवाडा बरा.

राहिलं सेव्ह करणं. ब्राउझरमधलं ट्वाइन तुमची गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतं. कोणी ‘हिस्टरी साफ करतो’ म्हणत सगळा डेटा पुसला की गोष्ट गेली. सफारी तर सात दिवस न वापरलेल्या साइटचा साठा आपणहून काढून टाकू शकतं. डेस्कटॉप आवृत्ती घ्या, ती फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवते. ब्राउझरवरच काम करायचं असेल तर उठण्याआधी आर्काइव्ह फाइल, म्हणजे सगळ्या गोष्टींची एकत्र प्रत, उतरवून घ्या आणि ती स्वतःलाच मेल करा.