कोकणात पर्यावरण संस्थेचा प्रोग्राम सांभाळताय? या चुका टाळा

रत्नागिरीत बसून दोन जिल्ह्यांचा प्रोग्राम बघायला लागून मला सात वर्षं झाली. त्याआधी पुण्यात लॅबमध्ये होतो, त्यामुळे पहिली दोन वर्षं डोक्यात हेच की डेटा पक्का असला की बाकी सगळं आपोआप होतं. नाही होत. डेटा पक्का असूनही आपटलोय आम्ही, कधी तारीख चुकली म्हणून, कधी ज्यांच्यासाठी चाललंय त्यांनाच विचारलं नाही म्हणून. नवीन कोणी जॉईन झालं की हे सगळं तोंडी सांगत बसतो, आता एकदाच लिहून टाकतो.

पाण्याचा रिपोर्ट ओके येतोय पण खाडीत मासे मरतायत

दरवेळी लॅबला शिव्या घालायच्या आधी स्वतःचं टायमिंग बघा. आम्ही नऊला ऑफिसातून निघायचो, वाटेत चहा-वडापाव, साडेअकराला जेटीवर बाटली भरायची आणि फोटो काढून परत. तेव्हा भरती असेल तर तुम्ही खाडीचं कमी आणि समुद्राचंच पाणी जास्त मोजताय, वर ऊन चढलं की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडायला लागतं, म्हणजे दिवसातला चांगल्यात चांगला आकडा आपण स्वतः जाऊन उचलून आणतोय. तो आकडा मी सिंधुदुर्गातल्या एका गावात स्लाईडवर दाखवला. पुढेच मुळे (खाडीतल्या शिंपल्या) काढणारी एक आजी बसलेली, ती म्हणाली, "भरतीचा पाणी बराच आसतला रे झिला. सुकतीक ये, उजाडूच्या आदी." म्हणजे भरतीचं पाणी चांगलंच असणार, ओहोटीला ये, उजाडायच्या आधी.

गेलो. पहाटे साडेचार, गुडघाभर चिखल, तोंडात टॉर्च. मीटरवर ऑक्सिजनचा आकडा उतरतच गेला. शिंपल्यांच्या आणि मत्स्यशेतीच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं सरकारी मानक आहे किमान ५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आमचा आकडा त्याच्या निम्म्यावरही थांबला नाही. मीटर तोच, खाडी तीच, फक्त वेळ आजीची.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पहिला रकाना भरती-सुकतीचा, दुसरा तिथीचा, कारण उधाणाचं (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं) आणि भांगाचं (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीचं) पाणी सारखं नसतं. ऑक्सिजन जागेवरच मोजायचा किंवा बाटलीत केमिकल टाकून जागेवरच फिक्स करायचा, घरी नेऊन नाही. बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या टेस्टची) बाटली बर्फात आणि २४ तासांच्या आत लॅबला. त्यात आपल्याकडे ही टेस्ट २७ डिग्रीला ३ दिवस चालते, म्हणजे गुरुवारी लावलेली बाटली रविवारी वाचायला कोण येणार? सोमवार-मंगळवारीच पोचवा. आणि हा रिपोर्ट हातात आला म्हणजे केस जिंकली असं नाही हं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाला त्याच जागी, त्याच वेळेला आणून त्याच्याकडून सॅम्पल घ्यायला लावणं हा त्याचा खरा उपयोग.

सड्याला "पडीक" म्हणू दिलं

सडा म्हणजे आपलं कोकणातलं कातळाचं पठार. सातबाऱ्यावर त्याला पोटखराबा (लागवडीला अयोग्य) किंवा वरकस (हलक्या प्रतीची जमीन) लिहिलेलं असतं, तेच उचलून कंपनीचा कन्सल्टंट ईआयए रिपोर्टमध्ये (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अहवालात) ओसाड जमीन म्हणून टाकतो. त्याला खोटं तरी कसं म्हणायचं, बेसलाईन, म्हणजे प्रकल्पाआधीच्या परिस्थितीची नोंद, बहुतेक वेळा एका सीझनची असते, साधारण तीन महिने आणि पावसाळा सोडून. मार्चमध्ये सड्यावर दिसणार काय, तापलेला कातळ आणि वाळलेलं गवत! तोच सडा ऑगस्टमध्ये बघा, खळग्याखळग्यात पाणी, त्यात बेडूक, आणि कातळाच्या फटीतून आठवडा-दोन आठवड्यांत येऊन जाणारी फुलं. प्रोजेक्टची नुसती कुणकुण लागली तरी त्याच पावसात सर्व्हे उरकून घ्या, जीपीएस आणि तारखेसकट फोटो ठेवा, गुराख्याला सोबत न्या. सुनावणी लागल्यावर निसर्ग काही तुमच्यासाठी पुन्हा फुलत नाही. आमचा एक अख्खा सीझन असाच गेलाय, कारण बजेट सप्टेंबरमध्ये पास झालं.

जनसुनावणीत तज्ज्ञ उभा केला

आम्ही पुण्याहून एक मॅडम आणल्या, चाळीस स्लाईड, सगळं इंग्लिश, दहाव्या मिनिटाला माईक काढून घेतला आणि तोवर लोक शेवटची एसटी पकडायला उठलेले. २००६ च्या ईआयए नोटिफिकेशनप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी यावी लागते, ते ३० दिवस वापरा. ईआयए रिपोर्टचा मराठी सारांश गावात वाचून दाखवा, तेही देवळात संध्याकाळी आरतीनंतर. तांत्रिक मुद्दे आधीच प्रदूषण मंडळाला लेखी द्या, पोच घ्या, आणि सुनावणीत बोलू दे रापणकराला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला). हजेरीला कोरमची (किमान माणसांची) अट नाही, म्हणजे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं, हे गावाला आधी सांगा, मग ठरवू दे त्यांचं त्यांना. शेवटी मुद्दे मराठीत वाचून दाखवतात तेव्हा कुणीतरी जागं राहा, सुटलेला मुद्दा तिथेच बोलून घालून घ्यायचा, व्हिडिओ चालू असतो.

दिवस मोजले नाहीत

पर्यावरण मंजुरीविरुद्ध एनजीटीत (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात) अपील करायला ३० दिवस, सबळ कारण दिलं तर वर आणखी ६०. त्यानंतर डोकं आपटलं तरी नाही. आम्ही हेड ऑफिसच्या बोर्ड मीटिंगची वाट बघत बसलो आणि ९० दिवस कधी संपले कळलंच नाही. आरटीआयचं उत्तर यायलाच ३० दिवस जातात, तेव्हा तो अर्ज आदल्या दिवशी नाही, आदल्या वर्षी टाका. वकील आधीच ठरवून ठेवा आणि अपीलाची मंजुरी फोनवर मिळेल अशी लेखी सोय हेड ऑफिसकडून करून घ्या.

मीटिंगला माणसं येत नाहीत

जुलैत लावणी, एप्रिल-मेमध्ये आंबा, शिमग्यात पालखी. कधी ठेवली होती मीटिंग? मच्छीमारांशी बोलायचं तर जून-जुलैची मासेमारी बंदी बरी, शेतकऱ्यांशी नेमकं तेव्हा नाही. गणपतीत चाकरमानी येतात, आणि बऱ्याच गावांत जमिनीचा शेवटचा शब्द मुंबई मंडळाचा (मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा) असतो, तेव्हा दादर-लालबागला एक चक्कर बजेटमध्ये धरा. ऑडिटरला हे समजावताना माझे दोन तास गेले, पण मीटिंगला खोली भरली होती.

पैशाचं थोडक्यात: गावातल्या एखाद्या मंडळाला "आमच्या ग्रांटमधून देऊ" असं बोलून बसू नका. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला वळता करणं २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. नंतर नाही म्हणताना तोंड दाखवायला जागा राहत नाही, अनुभवाने सांगतोय.

तक्रारीवर सही कुणाची?

आमचा फील्डवरचा पोरगा त्याच वाडीतला, हुशार. तक्रार त्याने लिहिली म्हणून सहीपण त्यालाच करायला लावली, मला वाटलं क्रेडिट मिळेल. आठवड्याने त्याच्या चुलत्याचं कंपनीतलं पाण्याच्या टँकरचं काम गेलं. त्याच्या आईने मला घरी बोलावलं, कोकम सरबत दिलं आणि म्हणाली, "तुमी रातचे रत्नागिरीक जाताव, ह्यो खय जातलो?" आता सही माझी असते, लेटरहेड मुंबईचं, आणि पंचनाम्याला तो येणार की नाही ते तोच ठरवतो.