‘तिचा स्वभावच तसा आहे’ : बाळंतिणीच्या बाबतीत या चुका टाळा

ऐरोलीत माझी वहिनी बाळंत झाली तेव्हा तिने एक वही केली होती. बाळ किती वाजता प्यायलं, कुठल्या बाजूला, शी-शू किती वेळा. एक ओळ चुकली की अख्खं पान फाडून पुन्हा लिहायची. आम्ही कौतुकाने म्हणायचो, "पहिल्यापासून टापटिपीची!" सातव्या आठवड्यात रात्री तीन वाजता ती वही मांडीवर घेऊन रडत बसलेली दिसली. बाळ गाढ झोपलं होतं, तिचा मात्र डोळ्याला डोळा नव्हता.

आमची सगळ्यांत मोठी चूक हीच, आजाराला स्वभाव समजलो. सतत काळजी करणारी, सगळं अचूक हवं असणारी, कुणाचं बोलणं मनाला लावून घेणारी बाई गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर नैराश्याच्या तडाख्यात लवकर सापडू शकते. म्हणून अशा स्वभावाच्या बाईकडे जास्तच लक्ष हवं. तिची तुलना जावेशी नको, तिच्याच आधीच्या वागण्याशी करा. वहिनी वह्या आधीही ठेवायची, पण पान चुकलं म्हणून रडत नव्हती.

"ती खंबीर आहे, तिला काही होणार नाही" हेही चूकच. अशा बायका शेवटपर्यंत बोलत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा, सव्वा महिना संपायची वाट पाहू नका. पोटुशी असतानाच उदासी सुरू झाली असेल, तर ‘डोहाळे’ म्हणून सोडून देऊ नका.

बाळंतपणातलं नैराश्य ओळखायला डॉक्टर १९८७ सालची एडिनबरा प्रश्नावली देतात. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल. ती सासूबाईंसमोर भरायला लावू नका, खरी उत्तरं येणार नाहीत. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. मनाच्या गोळ्या चालू असतील तर दिवस गेल्याचं कळताच परस्पर बंद करू नका. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं आहेत.

बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव ऐकून घरचे बिचकतात. कृपा करून बिचकू नका.

आणि तिला भास होत असतील, ती असंबद्ध बोलत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवत असेल, तर त्याच रात्री रिक्षा काढून तिला रुग्णालयात न्या. तोवर तिला एकटीला सोडू नका.