कॉम्प्युटर स्लो झाला की फॉरमॅट? या चुका टाळा

"काहून एवढा हळू चालून राहिला भाऊ? मारून द्या ना एकदा फॉरमॅट." कॅबिनेट टेबलावर ठेवता ठेवताच गिऱ्हाईक हे म्हणतं. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात साध्या अशक्तपणालाही सलाईन मागून घेतात, तसाच हा फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. दोन दिवस तरतरी, मग पुन्हा जैसे थे.

एका ऑनलाइन सेंटरवाल्या पोराने एकाच उन्हाळ्यात तीनदा फॉरमॅट मारून घेतला होता. सकाळी दहापर्यंत कॉम्प्युटर ठीक, दुपारी सातबाऱ्याचं पान उघडायलाही नखरे. चौथ्यांदा आला तेव्हा मी आधी कॅबिनेटची बाजू काढली. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत राखाडी गादी बसली होती, बोटाने सोलता येईल अशी. दुकान जिनिंगच्या रस्त्यावर. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रुईचे तंतू आत जातात, आणि एप्रिलमध्ये कूलर लागला की त्यांवर ओली हवा. धूळ, तंतू, ओल, झाला लगदा. पंखा फिरतो, पण हवा आरपार जात नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्याला विंडोज काय करणार?

म्हणून कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर, खाली निदान दोन विटा. चालू असताना त्यावर टॉवेल पांघरू नका. धुळीपासून वाचवायच्या नादात लोक त्याला उबवतात. वर्षातून दोनदा, जिनिंग थंडावल्यावर आणि पावसाळ्यानंतर, साफ करा. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग अंगणात नेऊन रंगाच्या कोऱ्या ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. हीटसिंक उचललाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात करंट राहतो.

धूळ काढूनही स्लो असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. काहीच काम चालू नसताना डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकली असेल तर बहुतेक वेळा दोष जुन्या हार्डडिस्कचा. तिच्यात तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. दहा वर्षांच्या डेस्कटॉपलाही साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसते आणि माझ्या मते पैसे घालायचे तर आधी तिथेच घालावेत. रॅम भरलेली दिसली तरच रॅम वाढवा. आणि डिस्क टकटक वाजत असेल तर फॉरमॅटचं नावही काढू नका. आधी फोटो, पावत्या, जे काही आहे ते दुसरीकडे उतरवून घ्या.

लाइनचं तर सांगायलाच नको. यूपीएस लोक घेतात, पण त्याच्या बॅटरीच्या सॉकेटवर लेझर प्रिंटर लावतात. हा प्रिंटर तापताना एकदम जास्त करंट ओढतो, यूपीएस कोकलतो आणि कॉम्प्युटर पडतो. प्रिंटर सरळ भिंतीच्या बोर्डावर लावा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

दोन-दोन अँटिव्हायरस, 'पीसी बूस्टर' नावाची फुकटी सॉफ्टवेअरं, क्रॅक केलेलं विंडोज: काढून टाका. कॉम्प्युटर रोज बंद करूनही अडखळत असेल तर एकदा रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टमध्ये होतं.

परवा एक काका आले. एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. व्हायरसच म्हणून फॉरमॅट मारायला आणलेला. मी कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं: साल २००९. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, संपला होता. त्यामुळे प्लग काढला की तारीख पुसली जायची, आणि तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं मुदतीचं ओळखपत्र, मानत नाही. सेल बदलला, तारीख लावली, पान उघडलं.

"बाप्पा," काका म्हणाले, "मंग फॉरमॅट नाही मारला का?"